वीस वर्षं दहा महिने : एका सॅपरच्या स्मृतिफलकाच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

बोरी नदीकाठच्या या गावात (ता. अमळनेर) मराठी शाळेजवळ एक चबुतरा आहे. त्यावरच्या काळ्या दगडात १९७१ च्या युद्धात पडलेल्या गावच्या जवानाचं नाव कोरलंय आणि खाली एकच ओळ आहे: ‘बांगलादेश मुक्तियुद्धात वीरमरण, १६ डिसेंबर १९७१’. चबुतरा एका अंगाला कलला आहे. शाळेतल्या मुलांना नाव पाठ आहे, पण तो कोण होता, काय करायचा, लढाईत त्याचं काम काय होतं, हे कुणालाच सांगता येत नाही. हे काम त्यासाठीच हाती घेतलंय. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे या नोंदींत त्याचं नाव येणार नाही. ते फाइलमध्ये आणि फलकावर असेल.

काम दोन भागांत करायचं. आधी त्याच्या आयुष्याची कागदपत्रांची फाइल, मग तिच्या आधारे जुन्या दगडाशेजारी नवा फलक. एक नियम आधीच ठरवून घेतला: ज्या वाक्यामागे कागद नाही किंवा एकमेकांशी न बोलता सांगणारी दोन माणसं नाहीत, ते वाक्य फलकावर जाणार नाही. फाइलमध्ये मात्र ऐकीव गोष्टही ठेवायची, कुणी सांगितली आणि कधी सांगितली ते लिहून.

विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता चालू आहे. ग्रामपंचायतीच्या जागेवर आत्ता काहीच करता येणार नाही. तोवर कागदांचं काम.

१७ नोव्हेंबर

घरात त्याची पत्रं आहेत, आणि जुन्या पद्धतीने तारेच्या आकड्यात खोचलेली आहेत. त्याच्या धाकट्या बहिणीने, आक्कांनी, तो आकडा माळवदाच्या घरातून स्लॅबच्या घरात आला तेव्हाही तसाच आणून टांगला. आपल्याकडे अशी तार बहुतेक घरांत असायची. ती हाताळताना घाई केली तर दोन गोष्टी हातच्या जातात.

पहिली म्हणजे क्रम. आलेलं पत्र वाचून झालं की तारेत खोचायचं, म्हणजे तळाला सगळ्यांत जुनं आणि वर सगळ्यांत नवं. अर्ध्याअधिक पत्रांवर तारीख नाही आणि पोस्टाचे शिक्के पुसट आहेत. अशा वेळी तारेवरची जागा हीच तारीख. म्हणून काही काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो घेतले आणि तळापासून १ ते २३ असे आकडे सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून प्रत्येक कागदाच्या घडीत सरकवले. पत्रावर पेनने काही लिहायचं नाही. लिहायचंच असेल तर मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने.

दुसरी गोष्ट भोकाची. तार गंजून कागदाला चिकटली आहे. पत्र वर ओढलं तर आकड्याचं टोक प्रत्येक पत्राचा मधला शब्द फाडत जातं. म्हणून तार पकडीने तळाला कापली आणि एकेक पत्र खालच्या बाजूने अलगद सोडवलं. भोकाभोवतीची तपकिरी गंज खरवडली नाही, कारण तिथे कागद चुऱ्यासारखा झाला आहे.

२३ कागदांपैकी १६ त्याची आंतर्देशीय पत्रं, ६ मनिऑर्डरीच्या चिठ्ठ्या आणि १ घरून त्याला गेलेलं, पोचल्याशिवाय परत आलेलं पत्र. कशावरही पिनकोड नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तेव्हा तो नसणारच. परत आलेल्या पत्रावर नेहमीच्या टपालखर्चाव्यतिरिक्त शरणार्थी मदतीचं ५ पैशांचं जादा तिकीट आहे. ही आकारणी १५ नोव्हेंबर १९७१ ला सुरू झाली. म्हणजे पत्र त्यानंतरचं, युद्धाच्या अगदी तोंडावरचं किंवा युद्धातलं. अक्षर आक्कांचं आहे. तेव्हा त्या सातवीत होत्या.

१ डिसेंबर

स्कॅनिंग पूर्ण. पत्रं ४०० डीपीआय, फोटो ६०० डीपीआय, सगळं टिफ फाइलमध्ये आणि रंगीतच. कागद काळा-पांढरा असला तरी रंगीत स्कॅन घ्यावा. शाई फिकी पडली असली तर रंगाच्या तीन थरांपैकी एखाद्यात अक्षर जास्त स्पष्ट उमटतं. मृत्यू कळवणारी तार (टेलिग्राम) अशीच वाचता आली. साध्या स्कॅनमध्ये जांभळ्या अक्षरांचे नुसते डाग होते.

गणवेशातला एकुलता स्टुडिओ फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. पावसाळ्यात भिंतीची ओल लागली की फोटोवरचा जिलेटीनचा थर मऊ होतो आणि काचेलाच धरतो. तो सोडवायला गेलं तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. त्यामुळे काचेसकटच कॅमेऱ्याने फोटो घेतला: दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, खोलीत अंधार, कॅमेऱ्यामागे काळं कापड. मूळ फोटो काचेसह तसाच ठेवायचा, भिंतीवर मात्र नवी प्रत.

घरात एक पत्र लॅमिनेट केलेलं सापडलं. त्याला आता इलाज नाही. गरम प्लास्टिक कागदात भिनतं. बाकीची पत्रं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत घातली. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मऊ पीव्हीसी पाकिटं घेऊ नयेत, त्यांना काही वर्षांनी शाई चिकटते. सेलोटेप, टाचण्या, डांबरगोळ्या यांतलं काहीही कागदांजवळ नको.

१५ डिसेंबर

आज पदकं पाहिली आणि कामाची दिशाच बदलली.

डबीत दोन पदकं आहेत: एक संग्राम पदक आणि एक पाच टोकांचा तारा. गावात तारा म्हणजे ‘बांगलादेशचं मेडल’ म्हणून सांगितलं जातं. पण १९७१ साठी तारे दोन होते. पूर्वेच्या आघाडीसाठी पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीसाठी पश्चिमी स्टार. डबीतला तारा पश्चिमी आहे.

याला पत्रांचाही दुजोरा मिळतो. १९७१ च्या पत्रांवर मागे ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ (आर्मी पोस्ट ऑफिस) असं लिहिलंय. लष्करी टपालात पूर्वेकडची डाक ९९ ए.पी.ओ. मधून जायची आणि पश्चिम-उत्तरेकडची ५६ मधून. एकट्या पत्त्यावर विसंबून निष्कर्ष काढला नसता, पण पत्ता आणि पदक दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

दगडावरची ओळ अशी का आली असावी, हेही त्यावरून कळतं. १६ डिसेंबरला दुपारी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, म्हणून ती तारीख म्हणजे बांगलादेश असं समीकरण साऱ्या देशात रुजलं. पण पश्चिमेला तोफा थांबल्या त्या १७ डिसेंबरच्या रात्री ८ वाजता. ढाक्याची बातमी रेडिओवर येत होती तेव्हा पंजाब-जम्मूच्या सरहद्दीवर माणसं पडत होती. परमवीरचक्र मिळालेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्याच दिवशी पाकिस्तानातल्या शकरगडच्या टापूत बसंतर नदीकाठी पडले. वय २१.

पदकं पितांबरीने घासायची नाहीत. संग्राम पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं आहे. एकदोन दिवाळ्यांच्या घासणीत ती अक्षरं बोथट होतात, आणि आपला सगळ्यांत भक्कम पुरावा तोच आहे. मऊ कोरडं कापड पुरे.

२९ डिसेंबर

लष्करी क्रमांकाचा घोळ मिटला. घरच्या जुन्या वहीत आजोबांनी क्रमांक उतरवलाय, त्यात मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळलेत. मराठी १ आणि इंग्रजी 9 हाताने लिहिले की सारखेच दिसतात. पदकाच्या कडेवर नेमका तोच आकडा झिजलाय. अभिलेख कार्यालयाला चुकीचा क्रमांक गेला तर ‘नोंद आढळत नाही’ एवढंच उत्तर येतं, म्हणून अर्ज रोखून धरला होता.

उत्तर त्याच्या ट्रंकेवर मिळालं. पलटणीने सामान घरी पाठवलं ते याच लोखंडी पेटीतून. मूळचा काळा रंग, त्यावर कुणीतरी लग्नकार्यात हिरवा ऑइलपेंट मारलेला. नुसत्या डोळ्यांना सपाट हिरवा पत्रा दिसतो. खोलीत अंधार करून टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून बाजूने धरला, तर हिरव्याखाली जुन्या पांढऱ्या अक्षरांचे उंचवटे सावलीसकट उभे राहिले: क्रमांक, ‘एसपीआर’ म्हणजे सॅपर (सैन्याच्या इंजिनिअर दलातला जवान), नाव, आणि खाली ‘किरकी’ (खडकीचं जुनं नाव). वादातला आकडा 9 आहे. टॉर्चचा कोन बदलत फोटो काढून ठेवले. हिरवा रंग खरवडायचा नाही, त्याबरोबर पांढरा निघून जाईल.

ट्रंकेच्या झाकणात आतून सामानाची टंकलिखित यादी चिकटवलेली आहे. जवान पडला की पलटण त्याच्या वस्तूंची अशी यादी करून घरी पाठवते. लोकरी मोजे, दाढीचं सामान, एक टॉवेल, चौदा रुपये काही पैसे, बहिणीसाठी घेतलेली फुलांची ओढणी. त्या काळी पार्थिव घरी येत नसे, अंत्यसंस्कार आघाडीजवळच होत. घरी आली ती ही पेटी आणि अस्थी.

खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज गेला. अर्ज वारसाच्याच सहीने हवा, गावाच्या किंवा मंडळाच्या नावाने चालत नाही. सोबत नात्याचा पुरावा, आधारची प्रत, पदकाच्या कडेचा फोटो, पेन्शनच्या कागदाची प्रत जोडली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलं, म्हणजे पाठपुरावा करायला जागा राहते.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याचं नाव आहे. त्याग चक्राच्या १६ भिंतींवर प्रत्येक जवानाची स्वतंत्र ग्रॅनाइट वीट आहे. नावाने शोधत बसू नये. इंग्रजी स्पेलिंगमध्ये आपल्याकडची नावं ओळखू येत नाहीत, आडनाव कधी पुढे, कधी मागे, कधी नसतंच. क्रमांकावरून जुळवलं तर शंका राहत नाही.

१२ जानेवारी २०२५

जन्मतारीख. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये १ जून १९५०. खान्देशात त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि गुरुजी पोराची उंची बघून तारीख टाकायचे. सैन्याने शाळेचा दाखला घेतला, म्हणून लष्करी कागदांतही तीच.

खरी तारीख कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत (गाव नमुना १४) सापडली. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल घेतली. मागताना वर्ष सैल ठेवावं, शाळेच्या तारखेच्या मागेपुढे दोन-दोन वर्षं. आणि जिल्हा ‘पूर्व खानदेश’ म्हणूनच शोधावा, जळगाव हे नाव राज्यनिर्मितीनंतरचं. नोंद फेब्रुवारी १९५१ ची आहे. मुलाचं नाव नाही, ‘मुलगा’ एवढंच, पण बापाचं नाव आणि ‘तिसरं अपत्य’ जुळतं. आक्काही सांगतात की तो महाशिवरात्रीच्या आगेमागे जन्मला.

म्हणजे पडला तेव्हा तो एकवीस वर्षांचाही नव्हता. वीस वर्षं दहा महिने. फलकावर कोतवाल बुकातली तारीख जाईल, फाइलमध्ये दोन्ही.

२६ जानेवारी

ग्रामसभेत विषय मांडला. जुन्या माणसांना ‘बांगलादेश’ काढणं पटत नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. गावाने १९७३ मध्ये, दुष्काळातून नुकतं बाहेर पडताना, वर्गणी काढून तो दगड बसवला. खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढलेल्या लोकांचे पैसे आहेत त्यात. शेवटी ठराव असा झाला: जुन्या दगडाला छिन्नी लावायची नाही, एक अक्षरही बदलायचं नाही. चबुतरा सरळ करायचा आणि शेजारी नवा फलक बसवायचा. नव्या फलकावर आघाडीचं खरं ठिकाण येईल. नाना (माजी सरपंच) शेवटी उभे राहून म्हणाले की पोरगा जिथे पडला तिथलं नाव त्याच्या नावाशेजारी नसणं बरं नाही. त्यानंतर विरोध राहिला नाही.

९ फेब्रुवारी

मुलाखती. चार माणसं: आक्का, त्याच्या वर्गातले दोघे, आणि त्याच्याबरोबर भरतीला गेलेले आबा.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झ वेव्ह फाइलमध्ये. पंखा बंद, मोबाइल बंद, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर. सांगणारा अहिराणीत बोलतो तर प्रश्नही अहिराणीतच विचारायचे. प्रमाण मराठीत विचारलं की माणूस भाषण द्यायला लागतो. उतारा जसा बोलला तसाच, ‘शे’ला ‘आहे’ करायचं नाही.

तारखा विचारल्या की ‘आठवत नाही’ येतं. हंगाम विचारले की सगळं येतं. भरतीला कधी गेला? तापीला महापूर आला त्याच्या पुढच्या आखाजीआधी (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया). पूर ऑगस्ट १९६८ चा, म्हणजे भरती १९६९ च्या सुरुवातीला. शेवटची सुट्टी? दादर (रब्बी ज्वारी) निसवत होती. म्हणजे हिवाळा, १९७० अखेर. ‘कसा होता?’ असं विचारू नये, उत्तर ‘लई चांगला’ एवढंच येतं. वस्तू विचाराव्यात: सायकल होती का, शाळेत कुठे बसायचा, बैलाचं नाव काय.

दोघांकडून वेगवेगळं येऊन जुळलेलं: अकरावीच्या मॅट्रिकला गणितात पूर्ण तयारी, इंग्रजीत अडला. विहिरीचं काम स्वतः उतरून करायचा, सुरुंगासाठी पहारीने भोकं पाडणं त्याला घरीच येत होतं. खडकीला त्याची निवड इंजिनिअरांत झाली त्यात याचा वाटा असावा, पण हे अनुमान आहे, फलकावर जाणार नाही. पत्रांत विहिरीची चौकशी १६ पैकी ११ वेळा आहे: पाणी किती हात, थर कसला लागला, मोटेला चाक बसवलं का. मनिऑर्डरी ३० ते ४० रुपयांच्या, चिठ्ठीत प्रत्येक वेळी आक्कांच्या शाळेचा उल्लेख.

आखाजीला घरात पितरांची घागर भरतात तेव्हा त्याच्या नावाने वेगळी घागर भरली जाते, वर खरबूज आणि सांजोरी. लग्न झालेलं नव्हतं, पाठीमागे मूल नाही, म्हणून बहिणीने हे चालू ठेवलंय. त्यांनी हे फाइलमध्ये लिहायला सांगितलं.

२ मार्च

अभिलेख कार्यालयाचं उत्तर आलं. सॅपर, भरती १९६९, मृत्यू १६ डिसेंबर १९७१, ऑपरेशन कॅक्टस लिली (१९७१ च्या युद्धातल्या मोहिमेचं सांकेतिक नाव), शकरगड क्षेत्र, सुरुंग काढताना. तारीख जुन्या दगडाशी जुळते. ठिकाण आपण पदकावरून धरलं होतं तेच निघालं.

सुरुंग काढणं म्हणजे काय, हे मुलांसाठी फाइलमध्ये सविस्तर लिहिलं. शकरगडच्या टापूत शत्रूने नद्यानाल्यांच्या आडोशाने सुरुंगांचे पट्टे पेरले होते. रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही. पण तो कुणी काढू नये म्हणून त्याच्या आसपास माणसासाठीचे छोटे सुरुंग पुरतात, ते पावलाच्या दाबानेही फुटतात. सॅपर पालथा पडून हातातली टोचणी तिरपी, जमिनीशी उथळ कोनात खुपसत पुढे सरकतो. उभी खुपसली तर टोक थेट सुरुंगाच्या माथ्यावर दाबतं. टोक अडलं की हाताने माती बाजूला करायची, सुरुंग निकामी करायचा किंवा खूण करायची, आणि मोकळ्या केलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी पट्टी अंथरत जायची. मागून रणगाडे त्या पट्ट्यांमधूनच येतात. हे सगळं रात्री, डिसेंबरच्या थंडीत, तोफांच्या माऱ्याखाली. वाट झाल्याशिवाय रणगाडा हलत नाही, म्हणून सॅपरला थांबता येत नाही.

१६ मार्च

चबुतरा. कलण्याचं कारण काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. जुना पाया दीड फुटाचा, पूर्ण काळ्या मातीतच. त्यात एका बाजूला हातपंपाचं सांडपाणी मुरतं. एक बाजू कायम ओली, दुसरी कोरडी, म्हणजे चबुतरा कलणारच.

जुना दगड दोर आणि बल्ल्या लावून माणसांनी उतरवला, जेसीबी लावला नाही. पाया मुरूम लागेपर्यंत खोदला, इथे पाच फूट. तळाला ६ इंच १:४:८ काँक्रीट, त्यावर ४ बाय ४ फुटांची आरसीसी बैठक, १० मिमी सळई ६ इंचांवर. भराव मुरुमाचाच, थराथराने पाणी मारून ठोकलेला. निघालेली काळी माती परत टाकली तर सगळा खर्च पाण्यात. भोवती अडीच फुटांची उतरती फरशी, आणि हातपंपाचं पाणी ४ इंची पाइपने गटारीत.

मार्चच्या उन्हात सिमेंट दुपारपर्यंत पांढरं पडतं. ओली पोती टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी, किमान चौदा दिवस.

६ एप्रिल

फलक: काळा पॉलिश ग्रॅनाइट, २ बाय ३ फूट, २० मिमी जाड. अक्षरं सँडब्लास्टने २ मिमीहून खोल. सोनेरी रंग भरायचा नाही. आपल्याकडच्या उन्हात तो दोन-तीन उन्हाळ्यांत पोपडे धरतो आणि मग फलक नुसता कळकट दिसतो. पॉलिश दगडावर सँडब्लास्टचं अक्षर मुळातच करडं उठून दिसतं.

देवनागरीत अडचण स्टेन्सिलची आहे. अनुस्वाराची टिकली ४ मिमीपेक्षा लहान असली तर हवेच्या माऱ्यात उडते आणि जोडाक्षरांच्या पोटातली जागा भरून जाते. म्हणून सारख्या जाडीचा फॉन्ट, नाव ३५ मिमी उंच, मजकूर १८ मिमी. कोरण्याआधी पूर्ण आकाराचा कागदी नमुना भिंतीला लावून तीन वेगवेगळ्या माणसांकडून मोठ्याने वाचून घेतला. त्यातली एक आक्का. दगडावरची चूक पुसता येत नाही.

मजकुरात नाव, हुद्दा, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, जन्म, शाळा, भरतीचं वर्ष, शकरगड आणि तारीख. खाली आयुष्याच्या दोन ओळी: घरची विहीर त्याने स्वतः उतरून खोदली, आणि पगारातून बहिणीला शिकवलं. दोन्हींना कागद आहे आणि साक्षही. ‘हसतमुख’, ‘शूर’ असे शब्द घातले नाहीत. सुरुंगाच्या वाटेत पालथा पडून पुढे सरकणाऱ्या मुलाला विशेषणाची गरज नाही.

२० एप्रिल

फलक बसवला, तोंड उत्तरेला. पश्चिमेला केलं असतं तर मे महिन्यात काळा ग्रॅनाइट हात लावू देत नाही आणि चिकटवणही सैल पडतं. चार स्टेनलेस स्टीलचे (३०४) खिळे, १२ मिमी भोकांत इपॉक्सी, दगड आणि भिंतीत १० मिमी मोकळी जागा. इपॉक्सी सकाळी सातच्या आत कालवलं. दुपारी ते डब्यातच घट्ट होतं.

फाइलच्या तीन प्रती: घरी, शाळेच्या कपाटात, अमळनेरला एका पेनड्राइव्हवर. आक्कांचं परत आलेलं पत्र शाळेच्या प्रतीत नाही. ते घरात राहावं असं त्यांनी सांगितलं आणि ते त्यांचंच आहे.

पुढे करायचं: जूनच्या पहिल्या पावसानंतर पाया आणि फरशीच्या सांध्यात भेग आली का ते पाहणे. पेनड्राइव्ह दर दोन वर्षांनी नवा करणे. आबांची मुलाखत दुसऱ्यांदा घेणे, खडकीतल्या प्रशिक्षणाचा भाग राहिला आहे. त्यांचं वय पाहता ती पावसाळ्याआधीच घ्यावी.